मातीतले औषध आणि त्याचे दोन दावेदार

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला क्षयाने गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. त्या काळी हा रोग जडला की डॉक्टर हवापालट सुचवीत, दूध-अंडी घ्यायला सांगत आणि पुढचे दैवावर सोडीत. ऐपत असलेले रोगी पाचगणीच्या कोरड्या हवेत खाट धरीत. ऐपत नसलेले घरातच, ओसरीच्या कोपऱ्यात, वेगळ्या भांड्यात जेवत दिवस मोजीत. औषध असे नव्हतेच. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या कृषी महाविद्यालयात एक तिशीतला स्थलांतरित तरुण शेतातील मातीमधले सूक्ष्मजीव मोजीत बसला होता. क्षयाशी त्याला काही कर्तव्य नव्हते. परंतु मातीतून काढलेल्या एका करड्या सूक्ष्मजीवाचे वर्णन त्याने तीन वर्षांपूर्वी प्रसिद्ध केले होते. त्या सूक्ष्मजीवाचे नाव अ‍ॅक्टिनोमायसिस ग्रिसियस. पुढे चोवीस वर्षांनी त्याच जातीच्या एका वाणातून क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक निघाले. हा तरुण म्हणजे सेलमन वॅक्समन. औषधाचे नाव स्ट्रेप्टोमायसिन. आणि ते नक्की कोणी शोधले, या प्रश्नावर गुरू आणि शिष्य न्यायालयात समोरासमोर उभे राहिले.

वॅक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी नोव्हाया प्रिलुका या लहानशा गावात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये व्हिनित्सा शहराच्या परिसरात आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात मोडे. गावाच्या चहूबाजूंना काळीभोर जमीन पसरलेली. तिच्या कसाची ख्याती जगभर, परंतु ज्यू कुटुंबांना ती विकत घेण्याची मुभा नव्हती. घराचा कणा होती आई. तिचे दुकान होते आणि व्यवहाराचा भार तीच वाहत असे. धाकटी बहीण घटसर्पाने गेली, तेव्हा सेलमन शाळकरी वयाचे होते. या रोगावरची लस-रसाची उपाययोजना युरोपात तोवर सुरू झालेली होती; ती त्या आडगावी वेळेवर पोहोचली नाही एवढेच. रशियन विद्यापीठांत ज्यूंच्या प्रवेशाला ठरावीक मर्यादा असे. सेलमन यांनी खासगी शिकवणीवर अभ्यास करून ओडेसाला बाहेरून परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. १९०९ मध्ये आई वारली आणि त्यांना गावात बांधून ठेवणारे काही उरले नाही. १९१० च्या शरद ऋतूत ते अमेरिकेस निघाले.

तेथे मेटचेन गावी एका नातेवाइकाचे छोटे शेत होते. कोंबड्या, भाजीपाला आणि खत असा तिथला संसार. वॅक्समन यांच्या मनात वैद्यक शिकायचे होते. पण जवळच असलेल्या रटगर्सच्या कृषी महाविद्यालयात जेकब लिपमन हे मृदा-जीवाणूशास्त्राचे प्राध्यापक होते. तेही रशियातूनच आलेले ज्यू. ज्याला जीवनाची रसायने समजून घ्यायची आहेत त्याने शेतीशास्त्राकडूनच सुरुवात करावी, असा सल्ला त्यांनी दिला. शिष्यवृत्तीही मिळाली. १९११ मध्ये वॅक्समन रटगर्समध्ये दाखल झाले आणि मधली काही वर्षे सोडली तर जन्मभर तेथेच राहिले.

पदवीच्या शेवटच्या वर्षी त्यांना एक काम मिळाले, आणि ते वरवर पाहता अगदीच कंटाळवाणे होते. महाविद्यालयाच्या शेतात चर खणायचे, निरनिराळ्या खोलीवरची माती उचलायची, ती पाण्यात पुन्हापुन्हा पातळ करून पोषक थरावर पसरायची आणि उगवलेले ठिपके मोजायचे. जीवाणूंचे ठिपके लुसलुशीत आणि ओलसर असत; बुरशी कापसासारखी फुगून येई. पण या दोहोंच्या मधले, खडूसारखे कोरडे, चिवट, पृष्ठभागात घट्ट रुतून बसलेले काही ठिपके दिसत. सुईने उचलू गेले तर ते सहजी सुटत नसत. हे अ‍ॅक्टिनोमायसीट. बुरशीसारखे तंतू फुटणारे, पण प्रत्यक्षात जीवाणूच. मातीशास्त्राच्या पुस्तकांत तोवर त्यांना तळटिपेपलीकडे जागा नव्हती. वॅक्समन यांनी त्यांचीच मोजदाद, त्यांचेच वर्गीकरण हाती घेतले. १९१६ साली सहकारी रोलंड कर्टिस यांच्यासह त्यांनी मातीतील अ‍ॅक्टिनोमायसीटांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात ग्रिसियसचे वर्णन आहे.

या जीवांशी आपली ओळख नाही असे कोणी म्हणू नये. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडतो तेव्हा जो मृद्गंध दरवळतो, त्यात मोठा वाटा यांचाच. त्या वासाच्या मुळाशी असलेले द्रव्य पुढे १९६५ मध्ये वेगळे काढून त्याला जिओस्मिन असे नाव दिले गेले, तेही रटगर्समध्येच, वॅक्समन यांचे शिष्य ह्यूबर्ट लशव्हालिए आणि नॅन्सी गर्बर यांच्या हातून.

१९१६ मध्येच वॅक्समन अमेरिकेचे नागरिक झाले आणि मूळ गावातीलच बर्था मिटनिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९१८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते रटगर्सला परतले. पगार इतका तुटपुंजा होता की काही काळ एका खासगी प्रयोगशाळेतही नोकरी करावी लागली. पुढची वीस वर्षे ह्यूमस, म्हणजे कुजून काळ्या पडलेल्या सेंद्रिय द्रव्याचा अभ्यास, शेणखताच्या ढिगातील उष्णता, दलदलीतील पीट, समुद्रतळाचे जीवाणू अशी गेली. १९२७ मध्ये मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि त्या विषयाचे ते जगन्मान्य आचार्य ठरले. पन्नाशीला पोहोचेपर्यंत त्यांनी माणसाच्या रोगावर एकही औषध शोधले नव्हते, किंवा शोधण्याचा प्रयत्नही केला नव्हता.

वळण लावले एका शिष्याने. फ्रान्समधून आलेले रने द्यूबो यांनी १९२७ मध्ये वॅक्समन यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. न्यूमोनियाच्या जीवाणूभोवती एक कवच असते. ते विरघळविणारा जीव मातीत असलाच पाहिजे, कारण जे जे निसर्गात तयार होते ते ते मातीत गेल्यावर कोणीतरी खातेच, असा द्यूबो यांचा तर्क होता. असा जीव त्यांना खरोखरच सापडला. १९३९ मध्ये त्यांनी मातीतील दुसऱ्या एका जीवाणूपासून टायरोथ्रिसिन हे द्रव्य काढले. पोटात घेण्याच्या कामाचे ते नव्हते, विषारी होते. पण वरून लावता येई. मातीतल्या जीवाणूकडून मुद्दाम, ठरवून औषध मिळविता येते हे प्रथमच सिद्ध झाले. लंडनमध्ये फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन भेटले ते योगायोगाने. द्यूबो यांनी मात्र पत्ता काढून दार ठोठावले होते.

वॅक्समन यांना आपल्या आयुष्यभराच्या मोजदादीचा अर्थ एकाएकी निराळा दिसू लागला. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव दाटीवाटीने राहतात, तर त्यांच्यात हेवेदावेही असणार. कोण कोणाला मारतो, हे पाहायला हवे होते. युरोपात युद्ध पेटत होते आणि मर्क या औषध कंपनीने खर्चाची तयारी दाखविली होती. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना एक ठरीव पद्धत आखून देण्यात आली. माती पातळ करून बशीत पसरायची. ज्या ठिपक्याभोवती इतर काही उगवत नाही, मोकळे वर्तुळ पडते, तो उचलायचा. नव्या बशीत त्याचा एक पट्टा ओढायचा आणि त्याला काटकोनात रोगजंतूंच्या रेघा. रेघ पट्ट्यापर्यंत पोहोचली तर जीव कुचकामी. मध्येच थबकली तर पुढचे काम सुरू. मग तो द्रव माध्यमात वाढवायचा, त्यातून द्रव्य वेगळे करायचे, उंदरांवर तपासायचे. दर पायरीला दहांतले नऊ गळत. दहा हजार वाण तपासावेत तेव्हा कुठे दहा द्रव्ये हाती लागावीत, आणि त्यांतले एखादेच रुग्णाच्या कामी यावे, असा हा हिशेब. धान्य निवडणाऱ्या बायकांना असते तसली चिकाटी या कामाला लागते, आणि वॅक्समन यांचे खरे कर्तृत्व येथेच आहे: त्यांनी योगायोगाचे कारखान्यात रूपांतर केले. या नव्या जातीच्या औषधांना अँटिबायोटिक हे नाव रूढ केले तेही त्यांनीच.

पहिले फळ कडू निघाले. १९४० मध्ये बॉयड वुड्रफ या विद्यार्थ्याबरोबर काढलेले अ‍ॅक्टिनोमायसिन जीवाणूंना मारी, पण उंदरांनाही मारी. (त्याचाच एक प्रकार पुढे मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपयोगी पडला, विषाला विषाचे काम मिळाले.) १९४२ चे स्ट्रेप्टोथ्रिसिन फार आशादायक वाटत होते. उंदीर बरे होत. मात्र काही दिवसांनी त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली.

क्षयाकडे मात्र प्रयोगशाळेचे लक्ष नव्हते, आणि हे थोडे आश्चर्याचे आहे. चिन्हे समोर येऊन गेली होती. क्षयाचे जंतू मातीत किती दिवस तगतात, याचा अभ्यास वॅक्समन यांच्याच एका विद्यार्थ्याने १९३० नंतरच्या वर्षांत केला होता आणि काही परिस्थितींत ते मरतात असे त्याला दिसले होते. ते तेथेच राहिले. वैद्यकाचा अभ्यास करणारा मुलगा बायरन याने १९४२ मध्ये वडिलांना पत्र लिहून क्षयाच्या जंतूवर या द्रव्यांची परीक्षा का घेत नाही असे विचारले, तेव्हाही ती वेळ अजून आली नाही असेच त्यांचे मत पडले. कारणे होती. हा जंतू मेणचट कवचाचा, अतिशय सावकाश वाढणारा आणि हाताळणाऱ्याच्याच फुप्फुसात शिरू शकणारा.

अशा वेळी अल्बर्ट शात्झ परत आले. १९२० मध्ये कनेक्टिकट राज्यात जन्मलेले हे गरीब शेतकरी कुटुंबातले तरुण. शेतीत परतायचे म्हणून त्यांनी रटगर्समध्ये मृदाशास्त्राची पदवी घेतली होती. वॅक्समन यांच्याकडे संशोधनाला सुरुवात केली तोच सैन्यात भरती झाली. फ्लोरिडातील लष्करी रुग्णालयांत त्यांनी ज्या जीवाणूंवर पेनिसिलिन चालत नाही अशांनी तरुण सैनिक मरताना पाहिले आणि रिकाम्या वेळात ते तेथली माती तपासू लागले. पाठीच्या दुखण्यामुळे जून १९४३ मध्ये त्यांना सैन्यातून मोकळे करण्यात आले. महिना चाळीस डॉलरवर ते पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाले. क्षयाच्या जंतूंवर काम करण्याची तयारी त्यांनी स्वतःहून दाखविली. वॅक्समन यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. शात्झ यांना तळघर देण्यात आले. मेयो क्लिनिकचे विल्यम फेल्डमन यांच्याकडून जंतूंचा जहाल वाण तेथे आला. त्या तळघरात वॅक्समन कधी उतरले नाहीत, असे शात्झ अखेरपर्यंत सांगत.

ते रात्रंदिवस राबत. द्रव आटविण्याचे काम रात्रभर चाले. त्यांनीच पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, ते तेथेच बाकावर घोंगडी टाकून झोपत आणि काचपात्रावर लाल रेघ ओढून ठेवीत. द्रव त्या रेघेखाली गेला की रखवालदाराने त्यांना उठवायचे. ऑगस्टमध्ये प्रयोग सुरू झाला आणि १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांची खात्री पटली की हाती नवे प्रतिजैविक आले आहे. ते देणारे वाण दोन होते. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून मिळालेला. दुसरा एका कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात उगवलेला, जो डोरिस जोन्स या सहविद्यार्थिनीने शात्झ यांना दिला होता. दोन्ही त्याच करड्या ग्रिसियसचे. त्याचे कुलनाव आता बदलून स्ट्रेप्टोमायसिस झाले होते. गमतीचा भाग असा की वॅक्समन यांनी विद्यार्थिदशेत जपलेला जुना वाण तपासून पाहिला गेला, तर तो स्ट्रेप्टोमायसिन तयारच करीत नव्हता. जात एकच असली तरी प्रत्येक वाणाचे गुण निराळे. अडीच तपे ते फडताळ उघडून पाहिले असते, तरी तेथे काही सापडले नसते.

जानेवारी १९४४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर नावांचा क्रम असा आहे: शात्झ, एलिझाबेथ बूगी, वॅक्समन. क्षयजंतूंवरील परिणाम त्या वर्षाच्या पुढील निबंधात आला. मग मेयो क्लिनिकच्या फेल्डमन आणि कॉर्विन हिन्शॉ यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. पहिल्या प्रयोगांपुरते औषध शात्झ यांच्या तळघरातूनच, ग्रॅमाग्रॅमाने, गेले. प्राणी जगले. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटातील एका आरोग्यधामात फुप्फुस पोखरलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणीला हे औषध टोचण्यास आरंभ झाला. ती बरी झाली, तिने लग्न केले, तिला मुले झाली. क्षयाच्या इतिहासात असे वाक्य तोवर कोणाला लिहिता आले नव्हते.

ब्रिटनमध्ये युद्धानंतर परकीय चलनाची इतकी ओढाताण होती की औषध सगळ्यांना पुरणे अशक्यच होते. तेव्हा तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड करून रुग्णांचे दोन गट पाडले. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणातील विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात चार आणि दुसऱ्यात चौदा दगावले होते. आज जगभर नव्या औषधाची पारख ज्या रीतीने होते तिचा पाया या १९४८ च्या अहवालाने घातला. पण त्याच अहवालात वाईट बातमीही होती. पुष्कळ रुग्णांच्या थुंकीतील जंतू काही आठवड्यांत औषधाला बधेनासे झाले होते. जॉर्ज ऑर्वेल यांच्यासाठी त्याच वर्षी अमेरिकेहून खास परवानगीने हे औषध मागविण्यात आले. त्यांच्या अंगावर चट्टे आणि तोंडात फोड उठले. उपचार थांबवावा लागला आणि उरलेले औषध दुसऱ्या रुग्णांना देण्यात आले. कोणाचा तोल जाई, कोणाचे कान जात. दुसरे औषध जोडीला दिल्याखेरीज जंतू शरण येत नाही हे पास आणि १९५२ मधील आयसोनायझिड आल्यावर उमगले. प्लेगवर मात्र स्ट्रेप्टोमायसिनने कमाल केली. ज्या रोगाने मुंबई, पुणे, बेळगाव ही गावे एकेकाळी ओस पाडली, माणसे शेतात झोपड्या बांधून राहिली, तो काही टोचण्यांत आटोक्यात येऊ लागला.

आता पैशाची गोष्ट. मर्कशी झालेल्या जुन्या करारानुसार सगळे हक्क त्या कंपनीचे होते. एवढे मोठे औषध एकाच कंपनीच्या मुठीत राहू नये म्हणून वॅक्समन यांनी रदबदली केली आणि मर्कने हक्क सोडले. हे दोघांनाही भूषणावह. पेटंटच्या अर्जावर वॅक्समन आणि शात्झ या दोघांनी सहशोधक म्हणून शपथेवर सही केली. बूगी यांचे नाव त्यात नव्हते. १९४६ मध्ये दोघांनीही आपापले हक्क प्रत्येकी एका डॉलरला रटगर्सच्या संशोधन प्रतिष्ठानाकडे सुपूर्द केले. औषधातून आपणांपैकी कोणालाच लाभ नाही, अशी शात्झ यांची समजूत होती. ते रटगर्स सोडून गेले. अधूनमधून गुरूकडून पाचशे डॉलरचे धनादेश येत. असे तीन आले. प्रतिष्ठानाशी झालेल्या वेगळ्या करारान्वये रॉयल्टीचा पाचवा हिस्सा वॅक्समन यांना मिळत आहे, आणि ती रक्कम साडेतीन लाख डॉलरच्या घरात गेली आहे, हे जगाला कळले ते शात्झ यांनी मार्च १९५० मध्ये दावा दाखल केल्यानंतर.

विद्यार्थ्याने गुरूला न्यायालयात खेचावे हे अमेरिकेतील शास्त्रीय जगालाही रुचले नाही. पण कागद शात्झ यांच्या बाजूने बोलत होते. डिसेंबर १९५० मध्ये तडजोड झाली. शात्झ यांना कायद्याच्या व शास्त्राच्या दृष्टीने सहशोधक मानण्यात आले. त्यांना परदेशी हक्कांपोटी एक लाख वीस हजार डॉलर आणि रॉयल्टीचे तीन टक्के मिळाले. वॅक्समन यांचा वाटा दहा टक्क्यांवर आला आणि सात टक्के प्रयोगशाळेतील इतर सहकाऱ्यांत वाटले गेले. वॅक्समन यांनी आपल्या वाट्यातील निम्मी रक्कम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रोत्साहनासाठी स्थापलेल्या संस्थेला दिली.

दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना जाहीर झाले. शात्झ यांनी निषेध नोंदविला, स्वीडनच्या राजापर्यंत दाद मागितली. निर्णय बदलला नाही. मोठ्या प्रयोगशाळांची दारे त्यांना बंद झाली होती. त्यांनी पुढे अध्यापनात आयुष्य काढले, काही काळ चिलीत. वॅक्समन यांचे आत्मचरित्र १९५४ मध्ये आले. त्यात स्ट्रेप्टोमायसिनची हकिगत सविस्तर आहे. शात्झ हे नाव नाही, आहे तो एक पदव्युत्तर विद्यार्थी.

यात कोणाचे चुकले हे ठरविणे वाटते तितके अवघड नाही, सोपेही नाही. पद्धत वॅक्समन यांची होती. अ‍ॅक्टिनोमायसीटांकडे पाहायचे ही दृष्टी त्यांची, तीस वर्षांच्या मोजदादीतून आलेली. तळघरात शात्झ नसते तर दुसरा कोणी विद्यार्थी आज ना उद्या तेथे पोहोचला असता, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हे. त्याच प्रयोगशाळेतून १९४९ मध्ये निओमायसिन निघाले, तेव्हा शात्झ तेथे नव्हते. पण क्षयाच्या जंतूशी झुंज घेण्याची जोखीम वॅक्समन यांनी एकदा नव्हे, अनेकदा टाळली होती आणि ती एका तेवीस वर्षांच्या मुलाने अंगावर घेतली. कोंबडीच्या घशातील वाणाची गोष्ट वॅक्समन पुढे अशी सांगू लागले, की तो नमुना त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो शात्झ यांच्याकडे सोपविला. डोरिस जोन्स यांचे म्हणणे तसे नव्हते. एवढ्याशा फरकाची त्या माणसाला गरज का भासावी? ज्याने रशियन साम्राज्यातून रिकाम्या हाताने येऊन एक शास्त्र उभे केले, त्याच्याजवळ देण्यासारखे पुष्कळ होते. पैसे त्यांनी दिले. नाव द्यायला हात आखडला.

नोबेलनंतरची वर्षे मानसन्मानांची आणि प्रवासांची होती. रॉयल्टीच्या पैशांतून रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्र संस्था उभी राहिली, तिचे उद्घाटन १९५४ मध्ये झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे आधी पेनिसिलिन व पुढे १९६० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. परदेशातून येणारी महागडी कुपी आता मराठी मुलखातल्या टाक्यांत, तोच करडा जीव वाढवून, भरली जाऊ लागली. कारखान्याच्या संशोधन विभागातील एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॅक्समन यांचीच वाट धरून पिंपरीच्या मातीतून एक नवा स्ट्रेप्टोमायसिस काढला, त्याला पिंप्रिना असे गावाचेच नाव दिले, आणि त्यापासून बुरशीच्या रोगांवरचे हॅमायसिन तयार केले. भारतात क्षयाचा दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्या रुग्णाला अगदी अलीकडच्या दशकापर्यंत दोन महिने कमरेत घ्यावी लागणारी दुखरी सुई होती, ती स्ट्रेप्टोमायसिनचीच.

वॅक्समन १९५८ मध्ये निवृत्त झाले. १६ ऑगस्ट १९७३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यांचे निधन झाले. वुड्स होल येथे, जिथे त्यांनी समुद्रातील जीवाणूंवर अनेक उन्हाळे काम केले होते, त्यांची समाधी आहे. धरती उघडेल आणि तीतून तारण उगवेल अशा आशयाचे बायबलमधील वचन तिच्यावर कोरलेले आहे.

शात्झ त्यांच्यानंतर एकतीस वर्षे जगले. १९९४ मध्ये, शोधाला पन्नास वर्षे उलटल्यावर, रटगर्सने त्यांना विद्यापीठाचे पदक दिले. २००५ च्या जानेवारीत ते वारले. २०१९ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस हा न्यू जर्सीचा अधिकृत राज्य-सूक्ष्मजीव म्हणून घोषित झाला. आपल्याकडे राज्यवृक्ष असतो, राज्यपक्षी असतो, तसा. त्याच्या काही वर्षे आधी रटगर्सच्या ग्रंथालयातील जुन्या खोक्यांमधून शात्झ यांच्या प्रयोगवह्या बाहेर आल्या होत्या. त्यांतल्या अकराव्या प्रयोगावर तारीख आहे २३ ऑगस्ट १९४३, विषय आहे विरोधी अ‍ॅक्टिनोमायसीट, आणि अक्षर शात्झ यांचे आहे.